वरची मूठ

त्या राज्याला राजा नव्हता, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलेलं नव्हतं. अडायचं ते घरातलं धान्य संपलं की. मग सगळे पिशव्या घेऊन मोठ्या उंबराखाली यायचे. उंबराची मुळं जमिनीवर लांबवर पसरली होती आणि प्रत्येक मुळाच्या कुशीत एक दुकान होतं. कायदा एकच होता. जो रोज दुकान उघडेल, त्याची जागा. ज्यानं उघडलं नाही, त्याची जागा जो मागेल त्याला.

कायदा एक होता तशी रीतही एक होती. माप भरून झालं की दुकानदारानं वर एक मूठ टाकायची, आणि ती मोजायची नाही. मोजली की ती वरची राहत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाजारात सगळ्यात जास्त गर्दी चिचुंद्रीच्या दुकानात असायची, आणि याचं भल्याभल्यांना नवल वाटे. तिला दिसायचं बेताचं आणि तिचा वास यायचा भरपूर. गिऱ्हाइकाची पावलं ओळखून, ते दारात पोचायच्या आधीच ती तोंड सोडायची. वरची मूठ ती तिळाची देई. त्या तिळांचं मडकं वेगळं होतं आणि ते विकायला नव्हतं.

"घे मेले," ती सशिणीला म्हणायची, "आणि आधी त्या धाकट्याला दे, काल रात्रभर खोकत होता. थोरल्यांना नाही मिळालं तर मरत नाहीत."

सशीण एका हातानं नाक दाबायची आणि दुसऱ्या हातानं मूठ घ्यायची. घरी जायची घाई मात्र तिला कधी नसायची.

साळिंदराची तऱ्हा न्यारी. म्हातारा, एकटा, आणि अंगावर आहेत त्याहून जास्त काटे जिभेवर. तो रोज थोडे वाटाणे घ्यायचा आणि वरची मूठ हातावर पडली की म्हणायचा, "एवढीच?"

"मग काय, मडकं आणून डोक्यावर फोडू?"

"परवा जास्त होती."

"परवा तुझं तोंड मेल्यासारखं दिसत होतं, म्हणून दिली."

हे भांडण उन्हं कलेपर्यंत चाले. ते संपू नये असं दोघांनाही वाटे, पण तसं बोलून दाखवण्याइतकी दोघांचीही अजून बुद्धी फिरली नव्हती.

मग हत्तीनं दुकान काढलं. हत्ती काही करायचं म्हणजे आधी अभ्यास, आणि अभ्यास म्हणजे बगळे. पांढरेशुभ्र बगळे एका पायावर उभे राहून बाजार न्याहाळत राहिले. दुसरा पाय कशासाठी असतो, याचाही अभ्यास त्यांनी पुढेमागे केलाच असता. त्यांनी हत्तीला सांगितलं, की या राज्यात वरच्या मुठींपायी वाया जाणारं धान्य एका जागी रचलं तर टेकडी होईल. हत्तीला टेकड्या आवडायच्या.

माळावर त्याचं दुकान उभं राहिलं. दारात पोपट बसवले होते. ते आल्या-गेल्याला मंजुळ आवाजात "यावं, यावं" आणि "पुन्हा यावं" म्हणायचे. माप इतकं नेमकं, की एखादा तीळ जास्त पडला तर पोपट तो चोचीनं उचलून परत घेई. माल स्वस्त होता, आणि खोटं कशाला बोला, चांगलाही होता. वासही कसला यायचा नाही.

लोक गेले. धान्य पिकवणारेही सगळं हत्तीकडेच नेऊन घालू लागले. बाजारात येणारंच कोणी उरेना, तेव्हा शिंपी पक्ष्यानं सुईदोरा आवरला आणि सुतार पक्ष्यानं दार लावून घेतलं. रिकाम्या झालेल्या जागा हत्तीनं मागून घेतल्या आणि तिथे आपली फाटकी पोती टाकली. सशीण आता माळावर जायची ती लांबचा वळसा घालून.

"सशिणीबाई!" चिचुंद्री मुळाखालून ओरडायची. "डोळ्यांनी दिसत नाही मला, कानांनी दिसतं! एवढ्या लांबून जातेस, पाय मोडतील!"

सशीण कान पाडून पळायची. तिलाही बरं वाटत नव्हतं. पण घरात तोंडं किती, आणि स्वस्त ते स्वस्त.

आणि एक दिवस साळिंदरही आला नाही.

चिचुंद्रीला हे लागलं. सगळं राज्य गेलं तेव्हा तिनं नुसत्या शिव्या दिल्या होत्या. साळिंदर आला नाही तेव्हा ती गप्प बसली. मग तिला वाटलं, गेला असेल तोही पोपटांकडे मापात वाटाणे घ्यायला, आणि तिनं त्याच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून रोज भांडायला सुरुवात केली. उत्तर नसल्यामुळे भांडण लवकर संपायचं. तिचं धान्यही संपत आलं, आणि नवं देणारं कोणी उरलं नव्हतं. शेवटी दुकानात तिळाचं ते मडकं तेवढं राहिलं. उद्यापासून दुकान उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं. बाकीच्या मुळांसारखी याही मुळाखाली फाटकी पोती येऊन पडतील, तर पडोत. पण त्याआधी साळिंदराला त्याच्या घरी जाऊन चार शब्द ऐकवायचे होते. तिनं वाटेत तोंडात टाकायला कनवटीला थोडे तीळ बांधले आणि निघाली.

साळिंदर बिळात पडून होता. त्याचं अंग तापलं होतं आणि काटे पार लोळले होते. शेजारी हत्तीच्या दुकानातली वाटाण्याची पिशवी होती, तोंड बांधलेली, जशीच्या तशी.

"गेला होतास ना?" चिचुंद्री म्हणाली. पण आवाज तिला हवा तसा निघाला नाही.

"गेलो होतो एकदाच," साळिंदर म्हणाला. "माप झाल्यावर हात पुढे करून उभा राहिलो. पोपट म्हणाला, पुन्हा यावं. आता पुन्हा काय जायचं? त्याला दोन शब्द सुनावले, तर म्हणाला, धन्यवाद. घरी आलो आणि जेवणच जाईना."

"मग माझ्याकडे का नाही आलास?"

"लाज वाटली."

चिचुंद्रीला रडू आलं, आणि त्याचा तिला फार राग आला. मी तिथे शिव्या मोजत बसले आणि हा इथे मरायला टेकला, असं ती मोठ्यांदा म्हणाली. मग तिनं पिशवीची गाठ दातांनी तोडली, कनवटीचे तीळ काढले आणि वाटाण्यांवर फेकले.

साळिंदरानं मान उचलून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एवढीच?" तो म्हणाला, आणि खायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पुढे फक्त तिळाचं मडकं होतं. चिचुंद्री मुळावर चढून ओरडली, "माल नाही! माल हत्तीकडून आणा, नाहीतर चुलीतून आणा! इथे फक्त वरची मूठ मिळेल!"

पहिली आली सशीण, माळावरची पिशवी पोटाशी धरून, मान खाली घालून. चिचुंद्रीनं मूठ दिली आणि तिचा हात धरून ठेवला.

"फुकट नाही हं. फुकटाचा माज येतो. तुझं काहीतरी ठेव. मोजलेलं चालणार नाही."

सशिणीजवळ न मोजलेली फक्त पोरं होती. त्यातली थोरली तिनं दुपारभर मडक्यापाशी ठेवली. ती एखाद्या वाण्याला लाजवेल इतक्या मोठ्या आवाजात गिऱ्हाइकं बोलवू लागली. सुतार पक्ष्यानं मूठ घेतली आणि साळिंदराच्या बिळाला दार बसवून दिलं. शिंप्यानं कोणाचं काय उसवलं होतं ते शिवलं. कोणी न मोजता तीळ आणून मडक्यात ओतले. कासवाला कसलीच घाई नसायची, म्हणून आजाऱ्यांकडे मूठ पोचवायचं काम त्याला मिळालं. ते पोचायचं उशिरा, पण पोचलं की लवकर हलायचंही नाही, आणि आजाऱ्याला नेमकं तेच हवं असायचं. लोक यायला लागले तशा ज्यानं त्यानं हत्तीनं न उघडलेल्या जागा परत मागून घेतल्या, एकेका मुळाखालची फाटकी पोती बाहेर पडली आणि दुकानं उघडली. मग कोणी उंबराखालीच थोडे वाटाणे विकायला आणले, आणि आलोच आहोत तर इथूनच नेऊ, असं बरेच जण म्हणू लागले.

बगळे पुन्हा अभ्यासाला आले.

"आधी दुसरा पाय खाली टेकव," चिचुंद्री त्यांच्या म्होरक्याला म्हणाली. "मग विचार."

त्याला ते जमलं नाही. हत्तीला त्यानं एवढंच सांगितलं, की वरच्या मुठीला मागणी आहे. मग हत्तीच्या दुकानात पानात बांधलेल्या वरच्या मुठी मिळू लागल्या, सगळ्या सारख्या वजनाच्या. पोपटांना शिव्याही शिकवल्या. ते सगळ्यांना एकाच मंजुळ आवाजात म्हणायचे, "घे मेल्या, पुन्हा यावं." लोक हसले, आणि पुड्या तशाच राहिल्या.

एका दुपारी उंबराखालची जमीन हादरली. मडक्यातले तीळ उडाले. चिचुंद्रीनं नाक उंच केलं. पावलं ओळखायला काही कष्ट पडले नाहीत.

हत्ती रांगेत उभा होता, आपल्याच दुकानातलं पोतं घेऊन. त्याला आजवर कोणी वरची मूठ दिली नव्हती. हत्तीला द्यायची म्हणजे मूठ केवढी लागेल, म्हणून कोणी त्या फंदातच पडलं नव्हतं. त्याची पाळी आली. त्यानं सोंड पुढे केली. चिचुंद्रीची मूठ ती केवढी! सोंडेच्या टोकाला चिकटले तेवढेच तीळ.

"घे मेल्या. आणि एवढ्या उन्हाचा हिंडू नकोस, काळा पडशील."

हत्तीनं तिळांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एवढीच?" तो हळूच म्हणाला.

साळिंदराचे काटे हसून खडखडले. "नवीन आहे," तो म्हणाला. "पण शिकेल."

"आता तुझं ठेव," चिचुंद्री म्हणाली.

हत्तीनं पोतं पुढे सरकवलं. तिनं ते हुंगलं आणि परत ढकललं. "हे मोजलेलं आहे."

हत्तीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्याच्याकडे न मोजलेलं काही नव्हतं. सगळा बाजार त्याच्याकडे बघत होता, ऊन मी म्हणत होतं, आणि लाजेनं त्याचे कान आपोआप हलू लागले. उंबराखाली वारं सुटलं. सशिणीच्या धाकट्यानं डोळे मिटले. कासवानं मान बाहेर काढली.

"थांबू नकोस," चिचुंद्री म्हणाली.

हत्ती कान हलवत राहिला. त्या वाऱ्यानं चिचुंद्रीचा वास या मुळापासून त्या मुळापर्यंत साऱ्या बाजारात पसरला. सगळ्यांनी नाकं दाबली, आणि जागचं कोणी उठलं नाही.