बगळेसाहेबांचं गूळपाणी

फार पूर्वी माकडांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना काढला. तेव्हापासून खालच्या डोहातल्या पिल्लांना गाठी येऊ लागल्या. तुळसा कासवीण रोज धाकटीची मान चाचपून बघायची. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

राजाचे तपासनीस बगळेसाहेब आले अन् म्हणाले, "बाई, रंगावर नुसता संशय आहे. पुरावा मिळेपर्यंत कारखान्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे."

"बरं. लांबून आलात, गूळपाणी तरी घ्या," म्हणत तुळसाने डोहाचंच पाणी करवंटीत पुढं केलं.

साहेबांनी चोच मागं घेतली. "नको बाई, बाधलं तर?"

"मेल्या, तुझ्या घशाला संशय पुरतो आणि माझ्या लेकरांना पुरावा लागतो होय?"

बगळा उडून गेला. मागून धाकटी म्हणाली, "आये, तहान लागली." तुळसाच्या हातात तीच करवंटी होती.