झऱ्यातून गेलेली शीव

किती वर्षं झाली ते मला विचारू नका. माझ्या पणजीनं ही गोष्ट तिच्या पणजीकडून ऐकली, आता हिशेब तुमचा तुम्ही करा. त्या काळी आपल्या खडकोळीला दगडी वेस होती, वेशीत भालेकरी उभे असत आणि गावाभोवती शीव होती. शीव म्हणजे गावाची हद्द. ती कुठल्या कागदावर नव्हती, बाबांनो. ती येसनाकाच्या पायांत होती.

येसनाक हा महारवाड्यातला म्हातारा, शिवेचा राखणदार. बाप राखणदार, आजाही राखणदार. बापानं लहानपणी त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधून त्याला गावाभोवती फिरवलं होतं. काळी माती कुठं संपते, मुरूम कुठं लागतो, तळव्याला गार कुठं वाटतं, सगळं पायांना पाठ. असं म्हणतात, की झोपेतसुद्धा त्याचे पाय शिवेवरूनच चालायचे.

मग दुष्काळ आला. तीन वर्षं आभाळ कोरडं. खडकोळीच्या विहिरी आटल्या, शेजारच्या बोरतळ्याच्याही आटल्या. दोन्ही गावांच्या मध्ये एकटा उंबरझरा तेवढा वाहत होता, तोही करंगळीएवढा. हे म्हणाले आमचा, ते म्हणाले आमचा. तिथला शिवेचा दगड कधीच वाहून गेलेला. काठ्या निघाल्या, डोकी फुटली. शेवटी दोन्हीकडची म्हातारी माणसं म्हणाली, आता शिवेचं दिव्य होऊ द्या.

हे दिव्य म्हणजे काय, ते ऐका. राखणदारानं सूर्य उगवताना वेशीतून निघायचं, डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ घ्यायचं, आणि सूर्य मावळायच्या आत गावाला पुरता वळसा घालून तिथंच परत यायचं. बोलायचं नाही, मागं फिरायचं नाही. त्याला कुणी शिवायचं नाही, अडवायचं नाही. तो चालेल ती शीव, दोन्ही गावांनी मान्य करायची. खोटं पाऊल पडलं तर ढेकूळ फुटतं आणि चालणाऱ्याचा वंश बुडतो, असं म्हणतात. बोरतळ्यानंही येसनाकाचंच नाव घेतलं. त्यांना ठाऊक होतं, हा म्हातारा मरेल पण वाकडा चालणार नाही.

आदल्या दिवशी नागोजी पाटलानं त्याला वाड्यासमोर उभं केलं. म्हणाला, "झऱ्याच्या पल्याडनं जा. झरा आपल्यात आला पाहिजे. नाही आला तर उद्यापासून तुझं खोपट या गावात दिसणार नाही."

"पाय नेतील तिकडं जाईन, जी," येसनाक म्हणाला.

"पाय तुझेच ना?"

"ढेकूळ डोईवर असताना न्हाईत, जी."

घरी आला तर लेक साळू बसलेली. ती बोरतळ्यात दिलेली, कडेवर तान्हं पोर, त्याचे ओठ सुकलेले. "बा, तू पल्याडनं गेलास तर माझ्या लेकराला पाणी न्हाई."

"आणि अल्याडनं गेलो तर तुझ्या आईला न्हाई," असं म्हणून म्हाताऱ्यानं नातवाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याला रडू आलं. मोठी माणसं रडत नाहीत असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. एका अंगाला खडकोळी चालली, दुसऱ्या अंगाला बोरतळं, शंभर पावलं लांब राहून. बाभळबन आलं. तिथल्या काट्यांतून एरवी शेळीसुद्धा जात नसे. असं म्हणतात, की बाभळींनी फांद्या उचलून धरल्या. मग सुपाचा माळ आला. ऊन असं, की दगड तडकत होते, आणि घारींचा एक थवा त्याच्या डोक्यावर सावली धरून चालला. देवराईतून तो गेला तेव्हा पाखरं गप्प झाली. सकाळी शिव्या देत निघालेले लोक दुपारपर्यंत हात जोडून चालत होते.

आणि मग उंबरझरा आला.

पल्याड की अल्याड? तिसरी वाट कुणाच्या डोक्यातच आली नाही. कशी येणार? येसनाकाच्या माणसांनी त्या पाण्याला शिवायचं नाही, असा दोन्ही गावांचा दंडक. कुणी वरून ओतलं तरच त्यांनी प्यायचं. हा माणूस पाण्यात पाय घालेल, हे दोन्ही गावच्या शहाण्यांना सुचलं नाही. अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय!

येसनाक काठावर थांबला. बापानं डोळे बांधून फिरवलं होतं तेव्हा इथंच त्याला थांबवून सांगितलं होतं, "पोरा, शीव पाण्याच्या मधनं जाते. पण आपल्याला तिकडं पाय न्हाई. इथं वळसा घालायचा." सारा जन्म त्यानं वळसाच घातला होता. सगळ्या शिवेत तेवढीच दहा पावलं तो कधी खरी चालला नव्हता. आता डोक्यावर ढेकूळ होतं. त्यानं पाय उचलून सरळ पाण्यात टाकला.

"बाटवलं!" नागोजी पाटील ओरडला आणि काठी उगारून धावला. पण दिव्यातल्या माणसाला शिवायचं नाही ना! पाटलाचा हात वरच्या वर राहिला. तो सूर्य मावळेपर्यंत खाली आला नाही, असं म्हणतात. करंगळीएवढा झरा येसनाकाच्या घोट्यापर्यंत चढला, कमरेपर्यंत चढला, गळ्यापर्यंत चढला. ढेकूळ मात्र कोरडं ठणठणीत. मधूनच दहा पावलं चालून तो पाण्याबाहेर निघाला तेव्हा मागं झऱ्याची तळी झाली होती.

सूर्य डोंगरावर टेकला आणि म्हाताऱ्यासाठी थांबला. येसनाक वेशीत पोचला, त्यानं ढेकूळ खाली ठेवलं. ते अखंड होतं. साळूकडं बघून तो म्हणाला, "जा पोरी, लेकराला पाणी पाज." आणि तो भुईवर आडवा झाला, तो पुन्हा उठला नाही.

पण पाणी पाजणार कोण? दोन्ही गावं झऱ्याकडं परतून तळीभोवती उभी, ओठ फुटलेले, आणि पाण्याला हात लावायला कुणी तयार नाही. तेव्हा पाटलाची आई, नव्वद वर्षांची म्हाळसाई, काठी टेकत पुढं आली. लेकाला म्हणाली, "नाग्या, पाणी बाटलं म्हणतोस? त्याच पायांनी तो सगळी शीव चालला. मग शीवही बाटली, गावही बाटलं. आता राहायला कुठं जातोस, सांग!" म्हातारी पाण्यात उतरली, साळूला हाताला धरून आत घेतलं, आधी तान्ह्याला पाजलं आणि मग स्वतः प्याली. मागोमाग सगळे लोक पाण्यात आले.

तेव्हापासून दर वैशाखात दोन्ही गावं मिळून शीव चालतात, मुक्यानं, अनवाणी. पुढं येसनाकाच्या वंशातली लेक असते. उंबरझऱ्यापाशी वळसा कुणी घालत नाही, म्हातारंकोतारं, आजारी, बाळंतीण, सगळे पाण्यातून जातात. सगळ्यांत शेवटी पाटील. चारशे माणसांच्या पायांनी ढवळलेलं ते गढूळ पाणी पाटील ओंजळीनं पितो, आणि तो प्यायल्यावरच दोन्ही गावांतल्या बाया घागरी भरतात.