थोरलीच्या माथ्यावरचा खळगा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एका राज्याच्या मधोमध एक डोंगर आडवा पसरला होता आणि त्याच्या पोटातून आरपार एक भुयार गेलं होतं. डोंगर चढून पलीकडे जायला तीन दिवस लागत. भुयारातून गेलं, तर सकाळी निघालेला माणूस दुपारी पलीकडे जेवायला पोचे.

या भुयारात एकच खोट होती. बरोबर मध्यावर वाट वळायची आणि वळणाला लागून एक खड्डा होता. त्यात दगड टाकला तर पडल्याचा आवाज यायचा नाही. तिथे भिंतही आत गेलेली होती, हात लावायला काही नाही. खड्ड्याच्या कडेनं दोन पावलांची वाट, तेवढाच आधार.

भुयाराच्या दोन्ही तोंडांशी वारा असा घोंघावायचा की मशाल दहा पावलंही टिकत नसे. वळणावर मात्र वारा मुळीच पोचत नव्हता. म्हणून तिथे एका ओट्यावर भलीमोठी मेणबत्ती कायम जळत ठेवलेली असायची. कमरेएवढी उंच, मांडीएवढी जाड. लोक तिला थोरली म्हणत. भिंत चाचपत यायचं, थोरलीचा उजेड दिसला की भिंत सोडायची आणि पार व्हायचं, अशी रीत होती. पुनवेला लावलेली थोरली पुढच्या पुनवेपर्यंत पुरायची.

ही थोरली अलीकडच्या गावातला एक मेणकरी करत असे. माणूस भारी संथ. एखादी मुंगी त्याला मागे टाकून गेली असती तरी त्यानं तिला खुशाल वाट दिली असती. आणि त्याची बायको भिवरा? तिच्या पायाला भिंगरी. भात शिजायला ठेवला की दहा वेळा झाकण उचलायची. मेथी पेरली की उगवली का ते माती उकरून बघायची. मग भात कच्चा राही, मेथी मरून जाई, आणि भिवरा म्हणे, "हल्ली बियाणंच चांगलं मिळत नाही."

त्या वर्षी मधाचं पोळं काढताना मेणकरी झाडावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. तो बाजेला खिळला. त्यातच थोरलीचा जुना लाकडी साचा माळ्यावरून काढला, तर वाळवीनं त्याचा भुगा केलेला. जुनी थोरली वीतभर उरली होती. पुनव आठ दिवसांवर आली होती. आणि पुनवेच्या दुसऱ्या दिवशी त्यांची लेक साळू पलीकडच्या गावाहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती, त्याच भुयारातून.

"मी करते थोरली," भिवरा म्हणाली.

"कर," मेणकरी म्हणाला. "पण दमानं कर."

"दम तुम्हीच धरा. तुमच्याकडे पुष्कळ आहे."

साचा कशाचा करायचा, तिथपासून धावपळ सुरू झाली. वेळू आणला तर तो फार बारीक. माठ घेतला तर तो बुटका. वाळलेला लांबोडका भोपळा कोरून त्यात मेण ओतलं, तर भोपळा बुडाशी तडकला. अर्धं मेण अंगणात सांडलं आणि त्यात कोंबडीचे पाय अडकले. कोंबडीनं गाव डोक्यावर घेतलं, भिवरेनं तिच्याहून जास्त.

मग परसात घड उतरवलेली केळ तिच्या नजरेला पडली. तिनं खांब तोडला, कमरेएवढा तुकडा घेतला आणि त्याची आतली सोपटं, म्हणजे खांबाचे थर, एकेक करून ओढून काढली. बाहेरची तेवढी ठेवली. झाली जाड नळी! ती सुतळीनं आवळली, बूड ओल्या चिकणमातीत घट्ट रोवलं. आतून केळ ओलसर, त्यामुळे मेण चिकटायचं भय नाही. काम झालं की सोपटं सोलून टाकायची.

मेणकऱ्यानं बाजेवरून मान उंचावून पाहिलं. "वा! हे माझ्या बापालाही सुचलं नव्हतं."

भिवरा खुलली. तिनं करंगळीएवढी जाड वात वळली, खाली दगड बांधला, वर काडी आडवी टाकून वात मधोमध सोडली आणि वितळलेलं मेण काठोकाठ ओतलं.

"आता ऐक," मेणकरी म्हणाला. "मेण बाहेरून आधी गार होतं, आतून मागाहून. गार होताना ते आवळतं आणि आत पोकळी पडते. वर फक्त खळगा दिसतो. खळगा दिसला की सळई तापव, वातीच्या कडेनं खोलवर भोकं पाड आणि त्यातून गरम मेण सोड. परत खळगा पडेल. परत तसंच कर. खळगा पडायचा थांबला, म्हणजे ती भरली."

"किती वेळा करायचं?"

"ते तिलाच ठाऊक."

"मेणबत्ती कधी बोलते का?"

"थांबणाऱ्याशी बोलते," मेणकरी म्हणाला आणि कूस बदलायचा प्रयत्न करून कण्हला.

पहिला खळगा पडला. भिवरेनं भोकं पाडली, मेण सोडलं. दुसऱ्या दिवशी दुसरा खळगा पडला. तेव्हाही तिनं सगळं नीट केलं. पण मधल्या वेळात तिचा जीव कुठे थाऱ्यावर! घर सारवलं, गोधड्या धुतल्या, साळूसाठी उंबऱ्यापासून विहिरीपर्यंतचे खडे वेचले, आणि दर फेरीला साच्यात डोकावून आली. तिसऱ्या दिवशी पाहते तर पुन्हा खळगा. चौथ्या दिवशी पुन्हा! जणू ही थोरली तिच्याशी हट्टच करत होती.

पाचव्या दिवशी खळगा दिसला तेव्हा भिवरेचा तोल गेला. उद्या पुनव. चूल विझलेली, सळई गार, साळूच्या आवडीच्या शेवया अजून व्हायच्या. तिनं पळीभर मेण उरल्यासुरल्या निखाऱ्यांवर तापवलं, खळग्यावर वरच्यावर ओतलं आणि ओल्या तळव्यानं गुळगुळीत केलं. खळगा दिसेनासा झाला.

भिंतीवरची पाल चुकचुकली.

"तू गप गं," भिवरा तिला म्हणाली.

तिनं सुतळी सोडली, सोपटं सोलली. आतून थोरली निघाली ती अशी देखणी, की अंगभर केळीच्या रेघा उमटलेल्या. सारं गाव बघायला लोटलं. मेणकऱ्यानं बाजेवरूनच विचारलं, "अगं, खळगा पडायचा थांबला का?"

"थांबला," भिवरा म्हणाली आणि शेवयांकडे वळली.

पुनवेच्या सकाळी चौघांनी थोरलीला उचलून नेलं, ओट्यावर बसवलं, वात पेटवली. उजेड झकास पडला.

दुसऱ्या दिवशी भिवरेला घरी बसवेना. साळू दुपारी पोचणार होती, तरी ही सकाळीच भुयाराच्या तोंडाशी हजर. तिथला म्हातारा राखणदार भाकरी खात बसला होता. रोज तो मडक्यात निखारे झाकून आत जायचा, वातीची काजळी झाडायचा आणि परत यायचा.

"बस जरा," तो म्हणाला. "एवढी भाकरी खाल्ली की मी निघतोच. बरोबर जाऊ."

"तुमची भाकरी संपेपर्यंत मी लेकीला घेऊन परत येईन," भिवरा म्हणाली आणि भिंत चाचपत आत शिरली.

वारा कानात घोंघावत होता. ती भराभर चालली. मग वारा अचानक थांबला. वारा थांबला म्हणजे वळण आलं. पण उजेड कुठे होता? डोळे फाडून पाहिलं तरी समोर काळोखच. विझलेल्या वातीचा वास मात्र येत होता.

भिवरा जागीच थबकली. आणि त्याच वेळी समोरून आवाज आला.

"आई? आई, तू आहेस का?"

साळू होती. तिला पोचवायला आलेल्या धाकट्या दिराचाही आवाज आला. "आम्ही लवकर निघालो. पुढे उजेड असेल म्हणून चालत राहिलो. आता इथे भिंतच लागत नाही."

"आई," साळू म्हणाली, "माझ्या पायाखालचा एक दगड आत्ता घसरला. पडल्याचा आवाजच आला नाही गं."

"बस!" भिवरा ओरडली. "आहेस तिथेच खाली बस! दोघंही बसा! हलायचं नाही!"

धावत जाऊन निखारे आणावेत म्हणून ती मागे वळली. पण अंधारातून लेकीची हाक आली, "आई, जाऊ नकोस. तुझा आवाज गेला तर मला कळणार नाही, कुठली बाजू कुठली." भिवरेनं उचललेलं पाऊल खाली ठेवलं. म्हातारा येणार होता. भाकरी संपली की येणार होता. तोवर काय करायचं? काहीच करायचं नव्हतं. बसायचं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा भिवरा नुसती बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली आणि बोलत राहिली. शेवयांचं बोलली, कोंबडीचं बोलली, अंगणातल्या खड्यांचं बोलली. एक एक श्वास तिला प्रहराएवढा लांब वाटत होता.

"आई, थोरली विझली कशी?" साळूनं विचारलं.

भिवरेला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललीच होती.

"मी विझवली, बाळ," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "आत पोकळी होती. मला ठाऊक होतं. मी वरून बुजवली."

अखेर लांबून मडक्याचा लालसर उजेड डुलत डुलत आला. त्या उजेडात भिवरेनं पाहिलं. खड्ड्याच्या कडेपासून हातभर अंतरावर साळू बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून. 

राखणदारानं थोरली ठोकून पाहिली. रिकाम्या डब्यासारखी वाजली. ज्योत खाली उतरत उतरत पोकळीपर्यंत पोचली होती, सगळं वितळलेलं मेण आत ओघळलं होतं आणि वात त्यातच पडून बुडाली होती. आता ती पेटणार नव्हती.

भिवरेनं पदराची चिंधी फाडली, थोरलीच्या माथ्याचं मेण ओरबाडून चिंधीभोवती थापलं, निखाऱ्यावर पेटवलं आणि ते तळहातावर धरून उभी राहिली. मेण वितळून हातावर ओघळू लागलं. हात हलला तर सावल्या हलणार होत्या आणि सावलीला वाट समजून पाऊल चुकणार होतं. भिवरेनं हात हलवला नाही. साळू एकेक पाऊल टाकत आली, मागून दीरही. शेवटचं पाऊल टाकून ती आईच्या गळ्यात पडली, तेव्हा कुठे भिवरेनं श्वास सोडला.

"आता?" राखणदार म्हणाला. "थोड्याच वेळात बाजाराची माणसं येतील, दोन्हीकडून. नवी थोरली व्हायला किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे लागू देत," भिवरा म्हणाली. "साळूला घरी न्या. मी आहे इथे."

ती तिथे ओट्यावर बसून राहिली. पोकळ थोरली फोडून तिच्या लहान लहान मेणबत्त्या केल्या आणि एक संपली की तिच्यावर दुसरी पेटवली. राखणदार भाकरी आणून देई. ती डुलकी घेई तेवढा वेळ तोच उजेड धरी. येणारे-जाणारे तिच्याकडे बघत पुढे जात. सगळ्यांना सगळं कळलं होतं. तिला लाज वाटत होती, पण ती उठली नाही.

घरी मेणकऱ्यानं बाज चुलीजवळ ओढून घेतली. केळीचा दुसरा खांब आला. साळू पळीनं मेण ओतायची, तो सळईनं भोकं पाडायचा. सहाव्या दिवशी त्यानं राखणदाराबरोबर निरोप पाठवला, "थोरली तयार दिसतेय. माणसं पाठवू का?"

निरोप आला तेव्हा भिवरा थकलेली, काजळीनं काळी झालेली होती. घर, अंथरूण, लेक, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं.

मग ती म्हणाली, "त्यांना विचारा, खळगा पडायचा थांबला का? थांबला नसेल, तर सांगा, मी बसते अजून."

थोरली आणखी दोन दिवसांनी आली. ती पुढच्या पुनवेपर्यंत एकदाही न फडफडता जळली. साळूला मुलगी झाली. भिवरेच्या तळहातावरचा डाग मात्र जन्मभर राहिला. पुढे दर पुनवेची थोरली तीच करायची, आणि कोणी उतावळेपणानं "झाली का?" म्हणून दारातून विचारलं, की ती तळहात उघडून दाखवायची. विचारणारा मुकाट्यानं बाहेर बसायचा.

लहानांनो आणि थोरांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: कामाला लागणारा वेळ आपण चुकवला, तर तो आपल्या जिवाभावाच्या माणसांना अंधारात बसून भरावा लागतो.