देण्यातली शाल

"पण बुवा, मुलांना द्यायला शिकवायचं तरी कसं?"

वासंतीने हे विचारलं तेव्हा बुवा चुलीपुढे बसून ओल्या काटक्यांशी झगडत होते. टेकडीवरची मठी ती. पौषातली थंडी दार लावून बाहेर राहणारी नव्हती.



खरं तर असा प्रश्न वासंतीला पडायचं कारण नव्हतं. गावात तिचा संस्कारवर्ग नावाजलेला. तिच्याकडची मुलं डबा वाटून खातात, असं आया एकमेकींना कौतुकाने सांगत. बुवांची शिष्या म्हणून तिला मान होता, आणि तो तिला आवडतही असे.

"हिला तुम्हीच दोन शब्द सांगा," शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या लेकीकडे बोट दाखवून ती म्हणाली. "वर्गात नवी मुलगी आलीय. परवा तिचा वाढदिवस होता. सगळ्यांनी काही ना काही छान दिलं. आणि आमच्या रेवाने काय द्यावं? मोडके खडू! वर रिबीन बांधून. त्या पोरीने सगळ्यांसमोर पुडकं उघडलं, तिची आई तिथेच उभी... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, बुवा. लोकांच्या मुलांना शिकवते आणि माझ्याच पोटची पोर..."

रेवा स्वेटरच्या बाहीशी चाळा करत होती. आपलं नेमकं काय चुकलं, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. बोलणी मात्र तेव्हापासून बसत होती.

चूल कशीबशी पेटली. धुराने बुवांना खोकल्याची उबळ आली.

"बघा, तुम्हाला थंडी सोसत नाही," असं म्हणत वासंतीने लगबगीने पिशवीतून शाल काढली. नवी कोरी, प्लास्टिकच्या वेष्टनातली, घडीसुद्धा न मोडलेली. ती बुवांपुढे ठेवून तिने वाकून नमस्कार केला.

बुवांनी शालीला हात लावला नाही. ते रेवाकडे वळले.

"खडू कुठून काढलेस गं, बाळ?"

"डब्यातून."

"तुझ्या?"

"नाही. माझा डबा वेगळा आहे. हा देण्यातला."

"देण्यातला...?"

एवढ्या मोठ्या बुवांना एवढंही कळू नये, याचं रेवाला नवल वाटलं.

"आईच्या कपाटात खालचा कप्पा आहे ना, तसा. त्यात देण्यातल्या साड्या असतात. देण्यातले ब्लाउजपीस, स्टीलचे डबे... आपल्याला नको असलेलं त्यात टाकायचं. कुणाला द्यायची वेळ आली की तिथून काढायचं. मीपण तसाच डबा केलाय." मग तिने प्रामाणिकपणे भर घातली, "ही शालपण तिथलीच आहे."

चुलीत काटकी तडकली.

वासंतीची कानशिलं तापली. ही शाल तिला कुठल्याशा सत्कारात मिळाली होती. दोन बोटांनी चाचपून "टोचते गं बाई" म्हणत तिनेच ती खालच्या कप्प्यात टाकली होती. दुकानातही ती मोठ्याने सांगायची, "अहो, मला नेसायची नकोय, देण्यातली दाखवा." तेव्हा रेवा तिचं बोट धरून उभी असायची.

रागवावं तरी कुणावर? पोर तक्रार करत नव्हती. आपण अगदी आईसारखं केलं, म्हणून ती खुशीत होती. वासंतीला लाज वाटली, आणि ती लेकीची नव्हती. मान वर करून बुवांकडे बघायचीही तिला सोय उरली नाही.



मग वासंतीने आपल्या अंगावरची शाल काढली. मऊ, माहेरची. तिची घडी घालताना बोटं तिच्यातून निघता निघेनात.

"बुवा... ही घ्या."

बुवा नको म्हणतील, असं तिला वाटलं. खोटं कशाला सांगा, त्यांनी नको म्हणावं असंही वाटलं.

बुवांनी शाल घेतली. अंगभर लपेटली, कानांवरून ओढून घेतली.

"ऊब आहे हो. आईची?"

"...हो."

बुवांनी मान हलवली. परत दिली नाही.

निघताना दार उघडलं तसा वारा थेट आत शिरला. वासंती काकडली. रेवा आईच्या उघड्या खांद्यांकडे टकमक बघत राहिली.

बुवा उठले. जमिनीवर पडलेलं ते वेष्टन त्यांनी फाडलं, कोरी शाल झटकली आणि वासंतीच्या खांद्यांवर घातली. ती मानेला चांगलीच टोचली.

"असू दे अंगावर," बुवा म्हणाले. "देण्यातली आहे."