राखेवरची रेघ

त्या दरीत गाढ झोप कुणालाच लागत नव्हती, आणि जी एकटी गाढ झोपली होती तिला उठवायला कुणी धजत नव्हतं.

झोपली होती ती थोरली, डोंगराच्या कुशीतल्या गुहेतली म्हातारी अस्वलीण. मोठा पूर आला त्या साली तिनं सगळ्यांची पिल्लं पाठीवर घेऊन पैलतीराला नेली होती, हे खरं. पण पुढे एकदा झोपेतून उठून तिनं अंग झाडलं आणि दरड कोसळून खालची बिळं गाडली गेली, हेही खरंच. उपकार जुना झाला की भीतीच तेवढी ताजी राहते. पाठीवर बसून तरलेली पिल्लं आता मोठी झाली होती, आणि त्यांना आठवायची ती दरड.

म्हणून दरीत एकच घोर लागला होता. झोपेत थोरलीच्या डोक्यात काय चाललंय? राग खदखदत असेल, तर ती उठण्याआधीच गुहेचं तोंड बुजवायला हवं. आणि तसं काही नसेल, तर ज्या पाठीनं तारलं तिलाच जिवंत गाडायचं? दरीचे मानकरी साळोजी साळिंदर आणि त्यांचा कारभारी खोकड या दोघांनी ठरवलं, आधी ऐकायचं. ऐकण्याचं काम आलं जाळं विणणाऱ्या बारकी कातिणीकडे, कारण तिच्याइतका बारीक धागा कुणाला काढता येत नव्हता.

बारकीलाही पुरात थोरलीनंच तारलं होतं, कानामागच्या केसांत धरून. तिनं जीव ओतून युक्ती काढली. एक धागा थोरलीच्या कपाळाला लावून बाहेर आणायचा. दुसरा अशा ठिकाणी बांधायचा, जिथं काहीच हलत नाही. दोन्ही धाग्यांच्या मधोमध साळिंदराचा गळालेला एक काटा टांगायचा आणि त्याखाली चाळलेली राख पसरायची. वारा आला तर दोन्ही धागे सारखेच हलतील आणि काटा जागचा ढळणार नाही. एकाच बाजूनं काही आलं, तर मात्र तो राखेत रेघ ओढील.

दुसरा धागा ती काळ्या कातळाला बांधू लागली, तसा खोकड आडवा आला. दरीचा रिवाज असा, की नवीन काही मांडलं तर पहिली गाठ मानकऱ्याच्या पायाला. पाणवठा असो, वाट असो, रिवाज तो रिवाज. मानकऱ्याला सोडून दगडाला मान दिलेला कुणी ऐकला होता का, असं त्यानं विचारलं. बारकीला त्यात वावगं दिसलं नाही. साळोजी एकदा बसले की कातळासारखेच बसत. तिनं आपल्या हातानं त्यांच्या पायाला धागा बांधला.

पहिल्याच दिवशी राखेवर नुसता धुरळा उडाला. काटा इतका नाचला की रेघ कुठली नि खाडाखोड कुठली ते उमजेना. बारकी घाबरली नाही. नव्या मागावर पहिलं कापड असंच येतं. ती एकेक कारण शोधू लागली. रेघेला करवतीसारखे बारीक, सारखे दात दिसत होते. वर पाहिलं तर कड्याला मोहोळ लटकलेलं, माश्यांची गुणगुण धाग्यात उतरत होती. माश्यांना विनवून पलीकडच्या कड्यावर धाडलं, आणि दात गेले. सकाळच्या दवानं धागा जड होई. ती उन्हं चढल्यावरच काम सुरू करू लागली. कपाळावरची गाठ केसांवर तरंगत होती. तिनं केसांचा भांग पाडला, कातडीवर ओली शाडू थापली आणि धाग्याचं टोक तिच्यात रुतवलं. रेघ स्वच्छ झाली.

पण एक खरड राहिलीच. वेडीवाकडी, काट्याकुट्यांची, जीव खाऊन ओढल्यासारखी. आणि ती रोज वाढत होती.

राखेभोवती रोज गर्दी जमू लागली. एक खार म्हणाली, की बाई झोपेत आपली नावं घोकतेय वाटतं. हसू कुणाला आलं नाही. कुणी दरडीची आठवण काढली की काटा आणखीच उसळे, आणि तो उसळला की सगळ्यांना वाटे, बघा, तिनं ऐकलं. पिल्लांना रडू द्यायचं नाही, असं फर्मान निघालं. गुहेसमोर दगड आणून रचायला सुरुवात झाली.

बारकी गाठ तपासायला पुन्हा आत गेली. थोरलीचा श्वास संथ चालला होता. कपाळापाशी धाग्यावर तिनं पाय ठेवला, तर त्यातून मंद, मोठ्या लाटा येत होत्या, उभ्या पिकावरून वारा जावा तशा. खरडीचा मागमूस नव्हता. मग ती येते कुठून? बारकी बाहेर आली आणि दुसऱ्या धाग्यावरून चालू लागली. जसजशी पुढे गेली, तसतसा पायाखाली थरथराट वाढत गेला. धागा संपला तिथं साळोजींचा पाय होता. वर पाहिलं तर त्यांच्या पाठीवरचा एकन्‌ एक काटा थडथडत होता.

बारकीनं हळूच विनवलं, पायाला मुंग्या आल्या असतील, क्षणभर धागा कातळाला लावून बघते. साळोजींनी मान डोलावली. तिनं गाठ सोडली आणि कातळाला बांधली.

काटा थांबला. मग राखेवर एक लांब, शांत लाट उमटली, तिच्यामागून दुसरी.

मग खोकड पुढे वाकला.

"ही निजलीय की निजल्याचं सोंग घेतेय?"

सगळे मागे सरकले. साळोजींनी आधी राख पाहिली, मग आपला मोकळा पाय, मग बारकी.

"बारके, माझ्या पायानं ती खवळलेली दिसते आणि दगडानं शांत. तुला म्हणायचंय तरी काय? मी कापतोय?"

आवाज चढलेला नव्हता. पण सगळी दरी बारकीकडे बघू लागली, आणि एवढ्या डोळ्यांखाली तिला आपला जीव धुळीएवढा वाटला. थोरलीच्या कानामागची ऊब तिला आठवली. शब्द ओठांवर आलाही.

"नाही साळोजी," ती म्हणाली. "तुम्ही कशाला कापाल?"

"मग बांध परत."

तिनं बांधला. काटा राख उधळू लागला, आणि जमलेल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. शांत लाटांचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. हे ठाऊक होतं. खोकडानं खूण केली.

दगड चढत गेले. शेवटची फट उरली तेव्हा बारकी आत धावली. थोरलीला हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. कपाळावरून तिनं धाग्याचं टोक तेवढं सोडवलं, ते घेऊन ती फटीतून बाहेर आली, आणि तिच्यामागे शेवटचा दगड बसला. त्याच्याखाली धाग्याचा मधला भाग घट्ट चेपला गेला.

सुटलेलं टोक पायांत धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली. टोकाला थोरलीच्या कपाळावरची शाडू अजून चिकटलेली होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे राखेवर वाकले होते. तिथं काटा कधी नव्हे इतका थयथय नाचत होता.

"अजून धुमसतेय," साळोजी म्हणाले. "आणखी दगड आणा. मोठे."