गुणगौरवाचा कप

“पण नाही म्हणायला तिला झालं तरी काय, अप्पा?”

सुकुमार मगदूमनं चपला काढल्या आणि ओसरीवर बसायच्या आधीच विचारलं.

अप्पा शेंगा फोडत होते. त्यांनी सूप जरा बाजूला सरकवलं, हातानं जागा झाडली आणि पुन्हा शेंगांना लागले.

विरूपाक्षअप्पांनी सारी हयात गावच्या शाळेत शिकवण्यात घालवली. आता ते येरळेकाठच्या मठात एकटेच राहत. मठ म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक ओसरी आणि दारात शेवगा. गावातली माणसं अडलीनडली की तिथं येऊन बसत. अप्पा फारसं काही सांगत नसत. तरी माणसं येत.

सुकुमार त्यांचा जुना विद्यार्थी. इंग्लंडात लेस्टरला त्याची औषधांची दुकानं होती, आणि त्याहून मोठी होती ती त्याची संस्था, गुणगौरव ट्रस्ट. या भागातल्या हुशार पोरांना ती कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देई. दरवर्षी निकाल लागला की सुकुमार स्वतः यायचा, घरोघर जायचा. कामात खोट नव्हती. फक्त बोलायला लागला की गडी थांबायचं नाव घेत नसे.

आत्ताही त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं. कल्याणी ऐवळे, अप्पांच्या मठामागच्या वस्तीतली. बाप नाही, आई मजुरीला जाते. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, परवा फी भरली नाही तर जागा जाणार. संस्था सगळं द्यायला तयार. आणि काल ऐन वेळी ही ‘बंद करा’ म्हणाली, उठून घरात गेली ती बाहेर आलीच नाही!

“ऐन वेळी म्हणजे?” अप्पांनी विचारलं.

“व्हिडिओच्या वेळी.”

मग व्हिडिओचं सांगणं आलं. संस्थेची ती रीतच होती. शिष्यवृत्ती मिळणाऱ्या प्रत्येक मुलानं कॅमेऱ्यासमोर आपली हकिगत सांगायची. घर दाखवायचं, चूल दाखवायची, वडील असतील तर काय करतात, नसतील तर कसे गेले. वर्षाच्या जेवणावळीत देणगीदारांना ते मोठ्या पडद्यावर दाखवत. बायका डोळे पुसत. पुरुष चेकबुक काढत. व्हिडिओ नाही तर पैसे नाहीत, हे कमिटीनं एकमतानं ठरवलं होतं, आणि ठराव सुकुमारनंच मांडला होता.

“पोरं बोलतात?”

“बोलतात की. सुरुवातीला लाजतात. मग मी जरा आईबद्दल विचारतो…”

अप्पांच्या बोटांत एक शेंग तशीच राहिली.

“तुम्ही तिला समजावा,” सुकुमार म्हणाला. “तुमचा शब्द ती मोडणार नाही. दोन मिनिटांचं काम आहे. एवढा कसला ताठा, अप्पा? घेणाऱ्यानं थोडं नमतं घ्यायला नको? मी घेतलं असतं. पण माझ्यावर ती वेळच आली नाही. मी कुणापुढं हात पसरला नाही. मी बक्षीस मिळवलं.”

हे वाक्य तो दरवर्षी लेस्टरच्या जेवणावळीत म्हणत असे, आणि हमखास टाळ्या पडत. मॅट्रिकला त्याला गुणगौरव समितीचं पारितोषिक मिळालं होतं. शाळेच्या मैदानात मांडव, मुंबईहून आलेले अध्यक्ष, चकचकीत कप. शिवाय सांगलीच्या कॉलेजची फी आणि खानावळ, शिक्षण संपेपर्यंत. त्या समितीची आठवण म्हणून तर त्यानं आपल्या संस्थेला तेच नाव दिलं होतं.

“तो कप आहे का रे अजून?” अप्पांनी विचारलं.

“आहे म्हणजे? ऑफिसात दर्शनी ठेवलाय. येणाऱ्याला पहिला तो दिसतो.”

“बुडाशी बोट फिरवून बघ कधी. खरखरीत लागेल.”

“असेल. जुना झाला आता.”

“कानशीनं घासलाय तो. कबड्डीच्या पोरांनी जिंकलेला कप होता. त्यांचं नाव घासलं आणि तुझं घातलं.”

सुकुमार हसला. अप्पांचं वय झालं होतं. या वयात माणूस एकाचं दुसऱ्याला जोडतो, हे त्यानं आपल्या दुकानांत रोज पाहिलं होतं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की अप्पा, तो दुसरा कुठला तरी कप असेल, माझा कप मुंबईच्या समितीनं दिला होता.

“अशी समिती नव्हती, सुकू.”

“बंद पडली असेल.”

“नव्हतीच. आधी नव्हती, नंतर नव्हती. तुझ्यापुरती एका दुपारची.”

सुकुमारचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते कसं आवरायचं हे त्याला कळेना.

“मग ते अध्यक्ष…”

“विट्याकडचा एक कंपाउंडर. भाषण मी लिहून दिलं होतं. कोटही माझाच. बाह्या आखूड झाल्या त्याला, म्हणून सगळा वेळ हात मागं बांधून उभा राहिला.”

सुकुमारला ते हात मागं बांधलेले अध्यक्ष लख्ख आठवले. किती रुबाबदार वाटले होते तेव्हा! जिथं फोटो काढायचा प्रसंग येई तिथं तो स्वतः आजही तसाच उभा राहत असे.

अप्पांनी मूठभर दाणे निवडले आणि त्याच्यापुढं ठेवले. त्यानं हात लावला नाही.

मग अप्पांनी सांगितलं, तेही अगदी थोडक्यात. त्या वर्षी सुकुमारचे वडील विहिरीचं काम करताना वारले. गावानं मगदुमांच्या दारात ज्वारीचं पोतं नेऊन ठेवलं. सकाळी पाहावं तर पोतं चावडीवर. सुकुमारच्या आईनं एकटीनं ओढत आणून टाकलं होतं. पुन्हा ठेवलं, पुन्हा परत आलं. पोराच्या कॉलेजचा विषय काढायला माणसं गेली, तर बाईनं दार लावून घेतलं.

“मग आम्हाला अक्कल आली,” अप्पा म्हणाले. “बाई मदत घेत नव्हती. बक्षीस आलं तर परत करणार नव्हती.”

“आम्हाला म्हणजे कुणाला?”

“गावाला. तुझ्या फीची वर्गणी घरटी निघत होती.”

“सगळ्या गावाला माहीत होतं?”

“मांडवात बसलेल्या सगळ्यांना. दोघं सोडून. तू आणि तुझी आई.”

सुकुमारनं दोन्ही हातांनी ओसरीची कड धरली. मांडवातल्या त्या टाळ्या… थांबता थांबत नव्हत्या. आई पहिल्या रांगेत बसली होती. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच मान वर करून चारचौघांत बसली होती. आणि आजूबाजूचं प्रत्येक माणूस, शिंपी, सुतार, पाणक्या, झाडून सगळे जाणून होते. तेव्हाही जाणून होते आणि नंतरही. तो लेस्टरहून यायचा, पारावर बसून स्वतःच्या हिमतीची गोष्ट सांगायचा, आणि तीच माणसं मन लावून ऐकायची. “शाबास,” म्हणायची. एकाच्याही ओठावर कधी काही आलं नाही. भांडणात नाही, दारूच्या नशेत नाही, निवडणुकीतसुद्धा नाही!

हे त्याला सहनच होईना.

“आई…” त्यानं विचारलं. “शेवटी तरी कळलं तिला?”

अप्पांनी नाही म्हणून मान हलवली. “कप उशाशी ठेवूनच डोळे मिटले तिनं.”

तेव्हा मात्र सुकुमार मगदूम रडला. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, परदेशात चार माणसांत मान असलेला गडी मठाच्या ओसरीवर बसून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. अप्पांनी त्याला रडू दिलं.

“नावं सांगा मला,” तो थोड्या वेळानं म्हणाला. “जिवंत असतील त्यांचे पाय धरतो.”

“मग ते लाजून घराबाहेरच पडायचे नाहीत.”

सुकुमारनं नाक पुसलं, डोळे पुसले. आणि माणसाचा स्वभाव बघा, डोळे पुसता पुसताच त्याला कल्पना सुचली. त्याचा चेहरा उजळला. अशी कल्पना त्याला आजवर सुचली नव्हती.

“अप्पा,” तो गुडघ्यावर पुढं सरकला. “हे सगळं तुम्ही पुन्हा एकदा सांगा. असंच. मी रेकॉर्ड करतो. हे बघितल्यावर कमिटी नियम बदलेल. कल्याणीला तोंड दाखवायची गरजच उरणार नाही. परवाच्या आत पैसे येतील. सगळा हॉल रडेल, अप्पा.”

त्याचा हेतू वाईट नव्हता. पोरीची जागा वाचावी असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं फोन काढला, सुरू केला आणि अप्पांसमोर धरला.

अप्पांनी हातावरची टरफलं झटकली. फोन त्याच्या हातातून काढून घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि मग दोन्ही हातांनी नीट धरून त्याच्याच तोंडासमोर आणला.

“तू सांग.”

“मी?”

“गोष्ट तुझी आहे. आईपासून सुरू कर.”

सुकुमारनं घसा साफ केला. हजार वेळा तो माणसांसमोर बोलला होता.

“माझी आई…” तो म्हणाला.

अप्पा थांबले. फोन हलला नाही.

“जरा मोठ्यानं,” ते हळूच म्हणाले. “त्या वर्षी तुमच्या घरात चूल पेटायची का? पोतं ओढत नेताना तिच्या पोटात अन्नाचा कण होता का?”

सुकुमारनं तोंड उघडलं. त्याला आई दिसली, पदर खोचून पोतं ओढणारी, कुणी बघत नाही ना म्हणून मागं वळून पाहणारी. आणि तिच्या पाठीमागं लेस्टरचा हॉल, पांढरी टेबलं, जेवता जेवता तिच्याकडं बघणारी माणसं. त्याच्या कानशिलांवरून घाम वाहू लागला. तो मागं सरकत भिंतीला टेकला.

अप्पा तेवढेच पुढं सरकले.

सुकुमारनं हात आडवा करून तोंड झाकलं.

“बंद करा, अप्पा…”

अप्पांनी फोन खाली घेतला. त्याच्या मांडीवर ठेवला आणि सूप जवळ ओढलं.

“कल्याणी पण काल एवढंच म्हणाली.”