चिंगीचा चेंडू आणि सरकारांची झुकलेली गाडी

"उद्या सकाळी पिकअपचे दोन्ही खांदे सारखे दिसले नाहीत, तर किल्ली ठेवायची आणि खोली रिकामी करायची!" सरंजामे सरकारांनी काठी आपटली. "आणि खबरदार! गाडीला पाना लागता कामा नये. चाकाखाली वीट नको, टायरात हवा कमी-जास्त नको!"

भिकाजी ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सरकारांचं राज्य कधीच गेलं होतं. उरली होती आंब्याची बाग, ही पिकअप आणि हट्ट. त्यात हट्ट सगळ्यात मोठा! गाडी अंगणात ठरल्या जागी फाटकाकडे तोंड करून उभी राहायची आणि सरकार रोज काठी लावून पुढच्या चाकांवरची उंची मोजायचे. डावी बाजू दर वेळी बोटभर खाली! एका मिस्त्रीनं पुढच्या स्प्रिंगांचे पाटे बदलले. दुसऱ्यानं दोरी ताणून चाकांचं अलाइनमेंट पाहिलं. तिसरा नुसताच डोकं खाजवून गेला. रस्त्यावर गाडी सुतासारखी सरळ पळायची, पण अंगणात आली की डावा खांदा पडलेलाच!

"सरकार, मिस्त्री म्हणत होता, एकदा जमीन..."

"जमीन? हे अंगण आम्ही स्वतः उभं राहून करून घेतलंय. ताटासारखं आहे!"

"ताटाला तरी कड असते, सरकार," शेजारी उभे असलेले सरकारांचे दिवाणजी हात जोडून म्हणाले. "याला तीही नाही!"

भिकाजी खोलीवर आला, तेव्हा त्याची बायको मैना चिंगीच्या मागे धावत होती. चिंगी नुकतीच रांगायला लागली होती. तिचा लाल चेंडू हातातून सुटला की थेट अंगणाच्या कडेच्या उघड्या हौदाकडे, आणि चेंडूमागे चिंगी! हौदात पाणी काठोकाठ. मैनाच्या जिवाला दिवसभर घोर.

भिकाजीनं सगळं सांगितलं. मैनानं हातातल्या चेंडूकडे पाहिलं, मग हौदाकडे.

"तुम्ही जेवून घ्या. उद्या सरकारांशी मी बोलते. तुम्ही फक्त सांगेन तशी गाडी वळवा."

"अगं, अंगणाला नाव ठेवलंस तर उभ्या उभ्या हाकलतील!"

"नाव कोण ठेवतंय?"

सकाळी सरकारांनी काठी लावली. डावी बाजू खाली!

"सरकार, गाडी जरा उलट्या तोंडानं उभी करू द्या," मैना चिंगीला कडेवर सावरत म्हणाली, "आणि मोजणारा हात तुमचाच असू द्या."

भिकाजीनं गाडी वळवून त्याच जागी लावली. सरकारांनी मोजलं आणि डोळे चोळले. आता उजवी खाली!

"दिवाणजी, खाली डावी होती ना?"

"डावीच, सरकार! म्हणजे... सरकार म्हणतील ती!"

"अहो, आता तोंड हौदाकडे करा," मैना नवऱ्याला म्हणाली.

गाडी आडवी लागली. सरकारांनी इकडे काठी लावली, तिकडे लावली, परत इकडे लावली. दोन्ही खांदे सारखे!

"पाना लावलास?" सरकारांनी मैनाला विचारलं.

"नाही, सरकार."

"वीट? हवा?"

"तुमच्या डोळ्यांसमोरच तर आहे सगळं."

"मग केलंस काय?"

"ते चिंगीला विचारा!" मैनानं लेकीला खाली ठेवलं. चिंगीच्या हातून चेंडू सुटला, गाडीच्या चाकांमधून घरंगळला आणि निघाला हौदाकडे! मैनानं धावत जाऊन आधी चिंगीला उचललं, मग चेंडूला.

सरकारांनी चेंडू मागून घेतला आणि दुसरीकडे ठेवला. तो पुन्हा हौदाकडेच!

"चेंडूच वाकडा असेल, सरकार!" दिवाणजी म्हणाले.

भिकाजीचा हात खिशातल्या किल्लीवर घट्ट बसला. मग सरकारांनी मैनाकडे रोखून पाहिलं. "पोरी, नीट विचार करून सांग. इथं वाकडं काय आहे?"

"वाकडं काहीच नाही, सरकार. गाडी फार इमानी आहे. मालकाचं अंगण झुकेल तिकडे झुकते. फाटकाबाहेर पडली, की सरळ चालते!"

सरकारांच्या मिशा थरथरल्या आणि एकदम हसण्याचा असा गडगडाट झाला की चिंगीही टाळ्या पिटू लागली.

"म्हणजे आमच्या दिवाणजींसारखीच म्हण की! भिकाजी, किल्ली तुझी आणि खोलीही तुझी. आणि तू गं? माग काय हवं ते!"

"हौदाला कठडा घाला, सरकार. एवढंच."

"आजच काम सुरू! आणि तोवर चिंगी आमच्या मांडीवर बसेल. चेंडू दिवाणजी आणतील!"

गवंडी येईपर्यंत चिंगी सरकारांच्या मांडीवरून चेंडू टाकत राहिली. चेंडू हौदाकडे पळायचा, त्याच्यामागे धोतर सावरत दिवाणजी, आणि सरकार पोट धरून हसायचे.